कोणती प्रत ऐकली होती?

(१)
येथे मी सहसा मोडी कागद, ताम्रपट आणि शिलालेख यांविषयी लिहिते. आजचा विषय वरकरणी दूरचा वाटेल. १९६० च्या दशकातील पाश्चात्त्य पॉप गाणी 'सिंगल' तबकडीवर एका रूपात आणि 'अल्बम'वर दुसऱ्या रूपात का सापडतात, हे आज सांगायचे आहे. त्या निमित्ताने एका जुन्या चुकीची कबुलीही द्यायची आहे. ती चूक माझी आहे आणि जिच्यापायी मी ती केली, ती वस्तू एक कॅसेट होती.

(२)
१९९१ ची कोजागिरी. रास्ता पेठेतील आजोळच्या वाड्याची गच्ची, पातेल्यात आटत आलेले मसाला दूध आणि सतरंजीवर बसलेली वीस-पंचवीस माणसे. दर वर्षीप्रमाणे मामाने खिशातून माउथ ऑर्गन काढला. दोन-तीन हिंदी गाणी झाल्यावर तो नेहमी बीटल्सच्या 'लेट इट बी'कडे वळत असे. गाण्याच्या मध्यावर गिटारचा जो तुकडा येतो, तो वाजवताना तो डोळे मिटून घेई. सूर हळुवार, थोडेसे थरथरणारे, पाण्यावर पडलेल्या प्रकाशासारखे हलणारे.

(३)
मी पंधरा वर्षांची होते. त्याच महिन्यात मला 'लेट इट बी' अल्बमची कॅसेट मिळाली होती आणि तिची पारायणे करून मी त्या विषयातली अधिकारी व्यक्ती झाले होते. मामाचे वादन संपताच मी सर्वांसमोर म्हणाले, "मामा, चुकतोयस तू. गिटारचा तुकडा असा नाहीच आहे." एवढ्यावर न थांबता मी खाली जाऊन टेपरेकॉर्डर आणला आणि कॅसेट लावली. कॅसेटमधली गिटार करकरीत, धारदार, जवळजवळ भांडखोर होती. मामाच्या सुरांशी तिचा मेळ नव्हता. मंडळी हसली.

(४)
मामाने तो तुकडा दोनदा ऐकला. मग माउथ ऑर्गन रुमालाने पुसत तो म्हणाला, "असेल बाई. माझ्याच कानात काहीतरी गडबड झाली असेल." त्याचा रेकॉर्ड प्लेयर कित्येक वर्षांपूर्वी बिघडून अडगळीत गेला होता. आपण काय ऐकले होते हे ताडून पाहण्याचे साधन त्याच्याजवळ उरले नव्हते. पुढच्या कोजागिरीलाही तो वाजवायला बसला. पण 'लेट इट बी' त्याने पुन्हा कधीही वाजवले नाही.

(५)
२००८ साली मामा गेला. दिवस झाल्यावर मामीने एक पत्र्याची ट्रंक माझ्यापुढे सरकवली. "तुला जुन्या वस्तूंचं वेड. घेऊन जा, नाहीतर रद्दीत जाईल." तिच्यात तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक सात इंची तबकडी होती: 'लेट इट बी'ची सिंगल. एका मित्राच्या घरी ती यंत्रावर चढवली. पियानो ओळखीचा, आवाज ओळखीचा. मग गिटारचा तुकडा आला. तो मामाचा होता. तोच हळुवारपणा, तोच कंप. मी ती बाजू चार वेळा ऐकली. मित्राने काही विचारले नाही.

(६)
आता इतिहास पाहू. या गाण्याचा पाया ३१ जानेवारी १९६९ रोजी लंडनमधील सॅव्हिल रो येथे, 'अ‍ॅपल' कंपनीच्या तळघरातील स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला. ३० एप्रिल १९६९ रोजी जॉर्ज हॅरिसनने त्यावर गिटारचा एक तुकडा चढवला. त्यासाठी गिटार 'लेस्ली' नावाच्या ध्वनिक्षेपकातून काढली होती. लाकडी पेटीतले हे कर्णे गोल फिरतात आणि त्यामुळे सुरात लाटा उठतात. ४ जानेवारी १९७० रोजी पुन्हा काम झाले. पितळी वाद्ये, चेलो आणि साथीचे आवाज वाढवले गेले आणि हॅरिसनने गिटारचा दुसरा, अधिक तिखट तुकडा वाजवला. एका गाण्याच्या ध्वनिफितीवर आता दोन पर्याय शेजारी शेजारी नांदू लागले.

(७)
६ मार्च १९७० रोजी सिंगल बाहेर पडली. तिच्यावर निर्माता म्हणून जॉर्ज मार्टिन यांचे नाव होते आणि तिच्यात एप्रिलमधला हळुवार तुकडा होता. त्याच महिन्याच्या उत्तरार्धात अल्बमच्या ध्वनिफिती अमेरिकी निर्माता फिल स्पेक्टर याच्या हाती गेल्या. ८ मे १९७० रोजी आलेल्या अल्बममध्ये त्याने जानेवारीतला तिखट तुकडा निवडला, पितळी वाद्ये पुढे आणली, झांजांवर प्रतिध्वनी चढवला आणि शेवटचे ध्रुवपद एकदा अधिक येऊ दिले. गायन तेच, पियानो तोच. निवड मात्र निराळी. मामाकडे मार्चची प्रत होती, माझ्याकडे मेची. गच्चीवर आम्ही दोघेही खरे बोलत होतो. फरक एवढाच की, दुसरी प्रत असू शकते ही शंकाही मला शिवली नव्हती.

(८)
एकाच गाण्याची दोन रूपे का व्हावीत? पहिले कारण यंत्राचे आहे. १९४८ साली अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी लाँग प्ले तबकडी बाजारात आणली. पुढच्याच वर्षी आरसीए व्हिक्टरने ४५ फेऱ्यांची सात इंची तबकडी आणली. पहिलीच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत मावे. दुसरीच्या एका बाजूवर एक गाणे. मोठी तबकडी घरात निवांत बसून ऐकण्यासाठी, छोटी तबकडी रेडिओ, ज्यूकबॉक्स आणि तरुणांच्या खिशातल्या मोजक्या पैशांसाठी. दोन वस्तूंचे गिऱ्हाईक वेगळे, तसे त्यांचे कानही वेगळे.

(९)
दुसरे कारण तबकडीच्या चराचे. आवाज जितका मोठा, तितका तो चर अधिक रुंद वळणे घेतो आणि जागा खातो. म्हणून छोट्या तबकडीवरचे गाणे जितके आखूड, तितके ते दणदणीत कोरता येई. ट्रान्झिस्टरच्या चिमुकल्या कर्ण्यातून उठून दिसण्यासाठी हा दणका हवाच असे. त्यातून तीन मिनिटांच्या आतले गाणे रेडिओवाल्यांना सोयीचे. कलाकृतीची लांबी अशी कधी कधी कारखान्यात आणि प्रसारणाच्या वेळापत्रकात ठरते, कवीच्या किंवा संगीतकाराच्या मनात ठरतेच असे नाही.

(१०)
याचे ठळक उदाहरण 'द डोअर्स' या संघाचे 'लाइट माय फायर'. जानेवारी १९६७ च्या अल्बमवर हे गाणे सुमारे सात मिनिटांचे आहे आणि त्याच्या मध्यावर ऑर्गन व गिटार यांचा प्रदीर्घ विस्तार आहे. सिंगल काढताना निर्माता पॉल रॉथचाइल्ड याने तो विस्तार जवळजवळ सगळा कापून गाणे तीन मिनिटांच्या आत आणले. ही कापलेली प्रत जुलै १९६७ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचली. गाणे ज्यांनी केवळ रेडिओवर ऐकले, त्यांच्या दृष्टीने तो विस्तार अस्तित्वातच नव्हता.

(११)
कधी सिंगलमध्ये कपात होते, तर कधी भर पडते. 'सायमन अँड गारफंकल' या जोडीचे 'द साउंड ऑफ सायलेन्स' १९६४ च्या त्यांच्या पहिल्या अल्बमवर दोन आवाज आणि साधी गिटार अशा रूपात आले. अल्बम चालला नाही, जोडी पांगली, पॉल सायमन युरोपात गाऊ लागला. १५ जून १९६५ रोजी निर्माता टॉम विल्सन याने त्या दोघांना न विचारता जुन्या ध्वनिफितीवर विजेवरची गिटार, बास आणि ड्रम चढवले. ही प्रत १ जानेवारी १९६६ रोजी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर आली आणि पांगलेली जोडी पुन्हा एकत्र झाली. गायकांच्या अपरोक्ष घडलेला पाठच जगभर 'मूळ' मानला गेला.

(१२)
आणि कधी वादकच बदलतो. बीटल्सच्या 'लव्ह मी डू'चे तीन ज्ञात पाठ आहेत आणि तिन्हींत ड्रम वाजवणारा माणूस निराळा आहे. ६ जून १९६२ रोजी पीट बेस्ट, ४ सप्टेंबर रोजी रिंगो स्टार आणि ११ सप्टेंबर रोजी व्यावसायिक वादक अँडी व्हाइट. या तिसऱ्या वेळी रिंगोच्या हाती टँबरीन, म्हणजे आपली खंजिरी म्हणा, देण्यात आली होती. ५ ऑक्टोबर १९६२ च्या पहिल्या सिंगलवर रिंगोची प्रत होती. १९६३ च्या अल्बमवर व्हाइटची आली आणि पुढे सिंगलच्या नंतरच्या आवृत्त्यांवरही तीच छापली गेली. ओळखण्याची खूण सोपी आहे: खंजिरी ऐकू आली, तर ड्रमवर रिंगो नाही.

(१३)
याच गाण्याच्या कथेत इतिहासाच्या विद्यार्थ्याने थबकावे अशी एक गोष्ट आहे. ४ सप्टेंबरच्या प्रतीची मूळ ध्वनिफीत आज उरलेली नाही. पुढे ही प्रत पुन्हा प्रकाशित करायची वेळ आली, तेव्हा जतन झालेल्या जुन्या तबकडीवरून ती उतरवून घ्यावी लागली. मूळ हस्तलिखित नष्ट झाले आणि कुणाच्या तरी कपाटात राहिलेल्या नकलेने ग्रंथ वाचवला, असे आपण किती पोथ्यांबाबत वाचतो! जगप्रसिद्ध संघ, मातब्बर कंपनी, जेमतेम साठ वर्षांचा काळ. तरीही हे घडले.

(१४)
मोनो आणि स्टिरिओ हा आणखी एक भेद. १९६७ साली 'सार्जंट पेपर' तयार होत असताना बीटल्स आणि त्यांचे तंत्रज्ञ मोनो प्रतीवर बारकाईने मेहनत घेत होते. स्टिरिओचे काम त्या मानाने झटपट उरकण्यात आले. परिणामी 'शीज लीव्हिंग होम' मोनोत अधिक वेगाने आणि चढ्या पट्टीत ऐकू येते, तर स्टिरिओत ते संथ आणि खालच्या पट्टीत आहे. मोनो ऐकणाऱ्याला घर सोडून निघालेली मुलगी घाईत वाटते, स्टिरिओ ऐकणाऱ्याला ती दुःखी वाटते. पुढची कित्येक वर्षे स्टिरिओ प्रतीच दुकानांत सर्रास मिळत राहिल्या आणि नंतरच्या पिढ्यांना तोच पाठ प्रमाण वाटू लागला.

(१५)
या कथेचा एक धागा थेट मुंबईत येतो. जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसन मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत भारतीय वादकांसह ध्वनिमुद्रण करत होता. त्या दिवसांत तयार झालेल्या 'द इनर लाइट'च्या वाद्यसंगीतावर फेब्रुवारीत लंडनमध्ये गायन चढवले गेले आणि मार्च १९६८ मध्ये 'लेडी मॅडोना' या सिंगलच्या दुसऱ्या बाजूवर ते प्रकाशित झाले. बीटल्स एकत्र असेपर्यंत ते त्यांच्या कोणत्याही अल्बममध्ये आले नाही. ज्याने फक्त अल्बम गोळा केले, त्याच्या संग्रहात मुंबईत वाजलेले हे बीटल्सचे गाणे नव्हतेच. संग्रह पूर्ण आहे असे वाटणे आणि तो पूर्ण असणे, यांत असे अंतर असते.

(१६)
आपल्याकडेही हा अनुभव नवा नाही. ब्रिटनमध्ये ७८ फेऱ्यांच्या तबकड्या १९६० च्या सुमारास थांबल्या. पण भारतात चावीच्या ग्रामोफोनसाठी बीटल्सची काही गाणीसुद्धा ७८ वर निघाली. या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटेच मावत. नाट्यगृहात 'वन्स मोअर' घेत रंगणारे पद तबकडीवर तेवढ्यात आटोपावे लागे. चित्रपटातील गाण्याचे एखादे कडवे तबकडीवर नसे. आजोबा ज्या कडव्याची आठवण सांगतात ते तुम्हाला मोबाइलवर सापडत नसेल, तर त्यांनी ते चित्रपटगृहात ऐकले असण्याचा संभव आहे.

(१७)
मराठी माणसाला यासाठी नवा शब्द शोधावा लागत नाही. आपल्याकडे 'पाठभेद' हा शब्द आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती नकलानकलांतून पाठ बिघडत गेले म्हणूनच. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९६६ मध्ये ते पूर्ण केले. त्या आवृत्तीचे पान उघडून पाहा. वर स्वीकारलेला पाठ आणि खाली, बारीक अक्षरांत, न स्वीकारलेल्या पाठांची दाटी. काश्मीरच्या पोथीत काय, मल्याळी पोथीत काय, सारे जपलेले. संपादकांनी निवड केली, पण जे निवडले नाही ते मिटवले नाही.

(१८)
मग मामाची सिंगल 'मूळ' म्हणावी काय? तीही नव्हे. तिच्यातली गिटार पायाभूत ध्वनिमुद्रणानंतर तीन महिन्यांनी चढवलेली आहे. २००३ साली 'लेट इट बी... नेकेड' या नावाने भरजरी साज उतरवलेली आवृत्ती आली. तिच्यातला गिटारचा तुकडा या दोन्हींहून निराळा आहे. शुद्ध रूपाच्या शोधात निघालेल्यांनी अखेर चौथा पाठ तयार करावा, तसे हे झाले. कोणती प्रत आधीची हे सांगता येते, कोणती कुणी कधी घडवली हेही सांगता येते. पण 'खरी कोणती' या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी 'कशासाठी खरी' हे विचारावे लागते.

(१९)
येथे एक सावधगिरी. तबकडीने मामाचे सूर खरे ठरवले, म्हणून मामा सगळ्याच बाबतीत खरा ठरत नाही. तो तुकडा जॉन लेननने वाजवला आहे, असे तो छातीठोकपणे सांगत असे, कारण लेनन त्याचा लाडका. प्रत्यक्षात दोन्ही तुकडे हॅरिसनचे. ४ जानेवारी १९७० च्या कामाला तर लेनन उपस्थितही नव्हता. कानांनी साठवलेली स्मृती अचूक निघाली, प्रेमाने जोडलेली माहिती चुकीची. साक्षीदाराची प्रत्येक ओळ वेगळी तपासावी लागते, हे शास्त्र त्याच्यावरही लागू आहे. तो असता तर मी हे त्याला सांगितले असते आणि त्याने वाद घातला असता. तेवढा वाद मला हवा होता.

(२०)
तेव्हा जुनी आठवण आणि हातातला पुरावा जुळत नसेल, तर चार प्रश्न विचारा. सांगणाऱ्याने कोणती प्रत पाहिली किंवा ऐकली होती? माझ्या हातातली प्रत केव्हाची आणि कुणी सिद्ध केलेली? या दोहोंच्या दरम्यान कुणी, कोणत्या कारणाने हात फिरवला? आणि ज्या प्रती आज सहज सापडत नाहीत, त्या मुळातच नव्हत्या असे मी गृहीत तर धरत नाही ना? जुनी तबकडी हाती आली, तर लेबलाभोवतीच्या गुळगुळीत कड्यात कोरलेले आकडे व अक्षरेही टिपून घ्या. लेबल एकच राहून आतला पाठ बदलू शकतो. कोरीव खूण पुष्कळदा खरे सांगते.

(२१)
आता माझ्याकडे यंत्र आहे. कोजागिरीला मी ती तबकडी लावते. मामी दूध ढवळता ढवळता थांबते आणि म्हणते, "हं, हेच." १९९१ सालीही ती गच्चीवर होती. त्या रात्री ती काहीच का बोलली नाही, असे मी तिला एकदा विचारले. ती म्हणाली, "तू मशीन घेऊन आली होतीस ना. मशीनपुढे कोण बोलणार?"

(२२)
धागा येथे संपवते. तुमच्या घरात कुणी एखादे गाणे 'चुकीचे' गुणगुणत असेल, तर यंत्र आणण्यापूर्वी त्यांना पूर्ण गाऊ द्या, जमल्यास मोबाइलवर मुद्रित करून ठेवा. मग प्रत शोधू. काही सापडले तर येथे जरूर लिहा; मी वाट पाहते.